चार्ज कोण घेणार? : एका अर्धवेळ जागेबद्दल खुलं पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह), महाराष्ट्र शासन,
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य,
आणि ज्या आयुक्तालयाने ही जाहिरात काढली तिथले मा. पोलीस आयुक्त

विषय : "प्रकल्प व्यवस्थापक (अर्धवेळ, तात्पुरता), १ पद" ही जाहिरात

महोदय,

गेल्या आठवड्यात माझ्या जुन्या ठाण्यातल्या एका पोराने जाहिरातीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, तुमच्या खोलीसाठी माणूस घेतायत." माझी खोली म्हणजे मुद्देमालाची खोली. सगळ्या ठाण्यांतल्या मुद्देमालाची नोंद संगणकावर घ्यायची, प्रत्येक वस्तूला कोड लावायचा, ती कुठे आहे, कोर्टात गेली, सी.ए.ला (रासायनिक तपासणीला) गेली की मालकाला परत दिली हे एका क्लिकवर दिसलं पाहिजे, असा हा प्रकल्प आहे. वाचून मला आनंदच झाला. मग खालच्या ओळी वाचल्या. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला चार तास, ठोक मानधन, मुदत अकरा महिने, "मुदतवाढीचा हक्क सांगता येणार नाही".

मी १९९० साली महिला शिपाई म्हणून भरती झाले आणि ३० जून २०२४ला सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची सात वर्षं मुद्देमाल कारकून होते. माझ्या निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी, १ जुलैला, देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. निरोपाच्या चहाला ठाण्यातले सगळे गमतीने म्हणत होते, ताई वेळेवर सुटल्या. मी सुटले, खोली सुटली नाही.

ज्यांनी ही खोली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ठाण्याच्या मागच्या बाजूला, बहुतेक वेळा जिन्याखाली किंवा संडासाच्या भिंतीला लागून, एक दार असतं. आत लोखंडी रॅक, त्यावर कापडी पिशव्या, सुतळी, लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची लेबलं. कोयते, मोबाइल, बनावट नोटा, रक्त लागलेले कपडे, गावठी दारूचे कॅन, पत्त्यांचे कॅट. अकस्मात मृत्यूच्या नोंदीतल्या चपला आणि चष्मे. बाहेर आवारात जप्तीच्या आणि बेवारस गाड्या, त्यांच्या सीटमधून उगवलेलं गवत. प्रत्येक वस्तूवर गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर हवा आणि प्रत्येकीची नोंद मुद्देमाल नोंदवहीत हवी. कोर्टाची तारीख आली की पैरवीवाला, म्हणजे ठाण्याचं कोर्टाचं काम बघणारा शिपाई, सकाळी आठला दारात उभा असतो, "ताई, अमक्या नंबरची पिशवी द्या." ती दहा मिनिटांत हातात पडली नाही तर साहेब तिथे न्यायाधीशांचं ऐकून येतात आणि मग तेच आपल्याला ऐकावं लागतं. माझ्या खोलीत साडेचार हजारांवर नोंदी होत्या. रॅकचा नकाशा मी एका शंभर पानी वहीत काढून ठेवला होता.

आता माझी तक्रार. ती ऐकीव नाही.

असाच एक प्रयोग माझ्या काळात आमच्या ठाण्यात होऊन गेला. सहा महिन्यांच्या कंत्राटावर एक तरुण व्यवस्थापक आला. पोरगा हुशार होता, नम्र होता, मला "मॅम" म्हणायचा. आठवड्यातून दोनदा यायचा, कारण त्याच्याकडे आणखी ठाणी होती. त्याने छोट्या मशीनवर लेबलं छापून पिशव्यांना चिकटवली, स्कॅनर दिला. आम्हाला अप्रूप वाटलं. मी त्याला विचारलं, लेबलावर गु.र.नं. का नाही? तो म्हणाला, मॅम, कोडमध्ये सगळं आहे. कोडमध्ये काय आहे ते बघायला सिस्टीम लागते, सिस्टीमला पासवर्ड लागतो, आणि पासवर्ड त्याच्याकडे.

सहा महिने संपले आणि तो गेला. त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. कंत्राट संपलं, माणूस गेला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ती लेबलं हळूहळू पांढरी पडली. ती उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची होती. दुकानाची बिलं पाकिटात राहून कोरी होतात ना, तसलाच कागद. पावसाळा सरेपर्यंत निम्म्या पिशव्यांवर नुसते पांढरे चौकोन उरले. सिस्टीम उघडेना. कंपनीला फोन केला तर सांगितलं, तो प्रकल्प बंद झालाय. वरिष्ठांना कळवलं तर ज्या साहेबांनी तो आणला होता त्यांची बदली झालेली.

त्याच सुमारास चाळीतल्या एका आजींचा अर्ज आला. घरफोडीत त्यांची पितळेची भांडी गेली होती, मिळाली होती आणि कोर्टाने ती सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन असं लिहून घेऊन, परत द्यायचा आदेश दिला होता. माझ्याकडे पितळी भांड्यांच्या आठ पिशव्या, आठांवरही पांढरे चौकोन. पंचांची लेबलं त्या पोराने "डबल नको" म्हणून काढून ठेवली होती, कुठे ते त्यालाच ठाऊक. आजी तीन दिवस येऊन बाकावर बसत होत्या. तिसऱ्या दिवशी मी साहेबांची परवानगी घेतली, पंचांसमोर पिशव्या उघडल्या आणि आजींना विचारलं, भांड्यावर नाव घातलंय का हो? त्या म्हणाल्या, "हंड्यावर आहे, माझ्या लग्नातला आहे." पाचव्या पिशवीत हंडा निघाला. बुडाशी ठोक्याठोक्याने कोरलेलं त्यांचं माहेरचं नाव, खाली लग्नाची तारीख. कुणा कासाराने खिळ्याने घातलेलं ते नाव पन्नास वर्षं टिकलं होतं आणि आमचं लेबल एक उन्हाळा टिकलं नाही.

त्या रात्रीपासून मी मार्कर पेन घेऊन पिशवी-पिशवीवर परत गु.र.नं. टाकत बसले. चार महिने लागले. गणपतीचा बंदोबस्त आणि नवरात्र सांभाळून.

म्हणून अर्धवेळ, तात्पुरता, अकरा महिने हे शब्द वाचले की माझ्या पोटात गोळा येतो. आता मुद्द्यांवर येते.

पहिला मुद्दा साधा हिशेबाचा. आठवड्याला बारा तास, अकरा महिन्यांचे सत्तेचाळीस आठवडे धरले तर ५६४ तास. आयुक्तालयात वीस ठाणी धरली तरी एका ठाण्याच्या वाट्याला अठ्ठावीस तास येतात. त्यात पाहणी, निविदा, सॉफ्टवेअर, लेबलं, प्रशिक्षण आणि आयुक्तालयातल्या बैठका. बैठकांतच किती जातील ते आपण जाणता. शिवाय मुद्देमाल दुपारी दोन ते सहा या वेळात जप्त होत नाही. रात्री अडीचला नाकाबंदीत गाडी पकडली की नोंद तेव्हाच करावी लागते, आणि सिस्टीम अडली तर ठाणे अंमलदाराने कुणाला फोन करायचा? "साहेब परवा येतील" हे उत्तर कोर्टात चालत नाही.

दुसरा मुद्दा कायद्याचा, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर. सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगून ठेवलंय की जप्त वस्तू ठाण्यात पंधरा दिवस ते फार तर एक महिना, त्याहून जास्त ठेवू नयेत. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ने त्याला मुदती घातल्या आहेत. वस्तू कोर्टापुढे आल्यापासून चौदा दिवसांत तिचं विवरणपत्र करायचं, फोटो काढायचे, गरज पडल्यास चित्रीकरण करायचं, आणि त्यानंतर तीस दिवसांत तिच्या निर्गतीचा आदेश. कलम १०५प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञ घटनास्थळी येणार, म्हणजे नमुन्यांच्या पुड्याही वाढणार. हे सगळं चांगलंच आहे. आमच्या वेळी ही मुदत असती तर माझ्या आवारातल्या अर्ध्या गाड्या गंजल्या नसत्या. पण मुदती पाळायच्या तर ही सिस्टीम ठाण्याचा कणा होणार. कणा अर्धवेळ कसा चालेल?

आणि या सिस्टीममधली नोंद उद्या पुरावा म्हणून कोर्टात जाईल, तेव्हा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागेल, त्या संगणकाचा किंवा त्या कामाचा ताबा असलेल्या माणसाच्या सहीचं आणि तज्ज्ञाच्या सहीचं. प्रमाणपत्राची अट जुन्या पुरावा कायद्यातही होती, आणि ती किती महागात पडते ते आपल्याच राज्याने पाहिलंय. जालना मतदारसंघाच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तो निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावरून. ते प्रमाणपत्र मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नव्हतं. २०२०च्या निकालात न्यायालयाने अट बंधनकारकच ठेवली. ती माफ करताना, मागणाऱ्याने आपल्या परीने सगळे प्रयत्न केले होते एवढंच पाहिलं. उद्या तीच सही पोलिसांकडे मागितली जाईल. खुनाचा खटला सहा-सात वर्षांनी उभा राहतो आणि आपला व्यवस्थापक अकराव्या महिन्यात गेलेला असतो. सही कोण करणार? बचावाचा वकील विचारेल, या नोंदींमध्ये बदल करायचे अधिकार कुणाला होते? तेव्हा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहील तो माझ्यानंतरचा मुद्देमाल कारकून, ज्याला पासवर्डसुद्धा कुणी दिलेला नसेल.

तिसरा मुद्दा : जाहिरातीत चारित्र्य पडताळणीचा शब्दही नाही. सोसायटीच्या वॉचमनची पडताळणी आम्ही करतो. भाडेकरूची माहिती ठाण्यात दिली नाही म्हणून घरमालकांवर गुन्हे दाखल करतो. आणि ज्याला सगळ्या ठाण्यांतला गांजा, सोनं, हत्यारं आणि रोकड कुठल्या रॅकवर आहे हे एका पडद्यावर दिसणार, त्याच्याकडून "शैक्षणिक प्रमाणपत्रांच्या छायांकित प्रती" एवढंच मागायचं? उरलेले तीन दिवस तो आणखी कुठे काम करेल, कुणासाठी, हेही जाहिरात विचारत नाही. अकरा महिन्यांचा करार आपण भाडेकरूशी करतो, महोदय. अकरा महिन्यांचा भाडेकरू भिंतीला खिळासुद्धा विचारून मारतो, ओल आली तर तो कशाला दुरुस्त करेल?

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर कुणी म्हणेल, जुन्या बाईला बाहेरची माणसं नकोत. तसं नाही. सीसीटीएनएस, म्हणजे ठाण्यांतल्या गुन्ह्यांच्या नोंदी संगणकावर जोडणारी यंत्रणा, आलं तेव्हाही आमच्यात हीच कुरकुर होती. केंद्राने २००९मध्ये मंजूर केलेली सुमारे २,००० कोटींची ती योजना. आधी वहीत लिहा, मग रात्री बसून संगणकात भरा, असं दुहेरी काम आम्ही कित्येक महिने केलं. नेट गेलं की शिव्या. पण आमच्या ठाण्यात ती तगली, कारण टायपिंग येणाऱ्या दोन शिपायांना त्या कामावर बसवलं आणि बसवलेलं ठेवलं. एकाचं नावच "सीसीटीएनएस" पडलं, त्याच्या लग्नात आहेरावरही आम्ही तेच लिहिलं होतं. माणूस कायम होता म्हणून अडचण आली की तिला तोंड होतं.

आणि अर्धवेळ म्हणजे कमी प्रतीचं, असंही माझं म्हणणं नाही. माझी पुतणी इंग्लंडमध्ये राहते, तिच्या शेजारीण बाई तिथल्या पोलीस दलात गणवेशाबाहेरच्या नोकरीत आहेत, आठवड्याला अडीच दिवस. तिथे असा कर्मचारीवर्ग मोठा असतो आणि प्रकल्पांसाठी ठरावीक मुदतीच्या, अर्धवेळ जागाही निघतात. पण कामावर बसण्याआधी पडताळणी होते, आणि २०००पासून तिथे नियमच आहे की अर्धवेळ कामगाराला पूर्णवेळवाल्याच्या तुलनेत डावं वागवायचं नाही. पगार आणि रजा तासांच्या प्रमाणात, पण मिळतात. लेकरं लहान असलेल्या कितीतरी हुशार बायका आपल्याकडेही असं काम चोख करतील. पण मग त्यांच्यामागे पूर्णवेळ कोणीतरी उभं हवं. आपल्या जाहिरातीत अर्धवेळ माणूस एकटाच आहे. त्याला हाताखाली कुणी नाही, डोक्यावर कोण ते लिहिलेलं नाही, रजा नाही, आणि "ठोक मानधन" किती तेही नाही.

असे प्रकल्प किती वेळ खातात हेही आपल्याला नवीन नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर राम प्रधान समिती बसली, मुंबईत कॅमेऱ्यांचं जाळं हवं यावर सगळ्यांचं एकमत झालं. तरी ते सुमारे ९४९ कोटींचं काम पुरं होऊन कॅमेरे चालू व्हायला २०१६चा ऑक्टोबर उजाडला. मधली वर्षं निविदांत गेली. ते काम अकरा-अकरा महिन्यांच्या माणसांनी ओढलं असतं तर कितवा माणूस चालू असता, मोजून पाहा.

कंत्राटाचं वारं सगळीकडेच आहे हे मला कळतं. २०२३च्या जुलैत मुंबई पोलिसांसाठी राज्य सुरक्षा महामंडळाचे ३,००० जवान अकरा महिन्यांकरता घ्यायचं ठरलं, टीका झाली, तेव्हा सांगण्यात आलं की नियमित भरतीची पोरं तयार होऊन येईपर्यंतची ही तजवीज आहे. ठीक. त्याच सप्टेंबरात नऊ कंपन्यांमार्फत सरकारी पदं भरण्याचा शासन निर्णय निघाला आणि ऑक्टोबरात मागेही घेतला. म्हणजे निर्णय फिरवता येतात. हा तर एका जागेचा आहे.

माझ्या मागण्या या आहेत.

ही जाहिरात मागे घ्यावी आणि पूर्णवेळ जागेची नवी काढावी. मुदत प्रकल्प संपेपर्यंतची आणि त्यापुढे किमान एक वर्षाची असावी, कारण पहिला उन्हाळा आणि पहिला पावसाळा गेल्याशिवाय लेबल टिकलं की नाही ते कळत नाही. पैसे नाहीत म्हणून अर्धवेळच घ्यायचं असेल तर दोन माणसं घ्यावीत, एक निघण्याआधी दुसरा येऊन एक महिना सोबत काम करेल अशी.

चारित्र्य पडताळणी, गोपनीयतेचा करार आणि दुसरीकडे कुठे काम करतो याचं लेखी निवेदन सक्तीचं करावं. मानधन जाहिरातीत छापावं.

प्रत्येक ठाण्यातला मुद्देमाल कारकून या प्रकल्पाचा भाग आहे असा लेखी आदेश निघावा आणि तेवढे महिने त्याला बंदोबस्तातून वगळावं. हे शेवटचं होणार नाही असं मला आतून वाटतंय, पण मागून ठेवते. निदान सॉफ्टवेअर ठरवताना दोन-चार कारकुनांना समोर बसवून विचारा. लेबलावर डोळ्यांनी वाचता येईल असा गु.र.नं. हवा, हे सांगायला कुठल्याच तज्ज्ञाची गरज नव्हती. आणि सिस्टीम आली तरी पंचांचं लेबल कुणी काढायचं नाही.

पासवर्ड, नोंदींची प्रत आणि बदलांचा इतिहास पोलिसांच्या ताब्यात राहील, कंपनीच्या नाही, हे करारात असावं. प्रकल्पाची जबाबदारी एका उपायुक्त पदाकडे असावी, व्यक्तीकडे नाही. साहेबांची बदली झाली तर नव्या साहेबांनी प्रकल्पाचाही चार्ज घेतल्याची सही करावी.

चार्जचं शेवटी सांगते, कारण सगळं तिथेच अडलं होतं. निवृत्त होताना मला माझ्या खोलीचा चार्ज द्यायला तेवीस दिवस लागले. एकेक पिशवी नोंदवहीशी ताडून, सील पाहून, नव्या कारकुनाची सही घेऊन. नऊ वस्तूंवर आमचं जमेना. त्या रात्री अकरापर्यंत शोधल्या, त्यातली शेवटची, एक तुटका मोबाइल, रॅकच्या मागे पडलेला सापडला. तो सापडेपर्यंत माझी पेन्शनची कागदपत्रं पुढे गेली नाहीत, आणि ते बरोबरच होतं. त्या सहा महिन्यांच्या व्यवस्थापकाकडून मात्र चार्ज कुणी मागितलाच नाही. त्याने शेवटच्या दिवशी पेढे वाटले आणि स्कॅनर माझ्या टेबलावर ठेवून गेला.

तो स्कॅनर अजून तिथेच असेल, खालच्या ड्रॉवरमध्ये. रॅकचा नकाशा असलेली माझी शंभर पानी वही मी चार्ज यादीत शेवटच्या नंबरला लिहून दिली आहे. आपण जो कुणी घ्याल, पूर्णवेळ घ्याल अशी आशा आहे, त्याने पहिल्या दिवशी ती मागून घ्यावी. समजलं नाही तर मला फोन करावा. माझा नंबर ठाण्यात आहे, आणि मी आता दिवसभर घरीच असते.

आपली नम्र,
एक निवृत्त महिला सहायक फौजदार
(माजी मुद्देमाल कारकून)